बत्तीस फुटांची भिंत

पप्पा, दुबईच्या जुमेरा भागातलं ते फ्रेंच पद्धतीचं घर गुरुवारी सकाळी सातपासून उतरवायला घेणार आहेत. हे मला काम घेतलेल्या कंपनीच्या प्रोजेक्ट मॅनेजरने फोनवर सांगितलं, आणि सवयीप्रमाणे मी दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घेतली. घराचा वॉचमन अजून तोच आहे, पेशावरचा. तुम्ही त्याला वसईहून आणलेल्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा दिला होता आणि त्याने एक सुकेळं चघळून पाहत, "मेस्त्री, ये किस मुल्क का खजूर है?" असं विचारलं होतं. तो म्हणाला, "खलास, मॅडम. पहले लकडी निकलेगा, फिर दीवार." दोघांचं जुळलं, म्हणजे बातमी पक्की. आधी लाकूड, मग भिंत. बांधतानाही हाच क्रम होता, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

घराचे मालक जाऊन चार वर्षं झाली. मुलांनी प्लॉट विकला, तिथे आता काचेच्या चार व्हिला होणार आहेत. मोठ्या दिवाणखान्याची लाकडी पॅनेलं, म्हणजे तुमची, रास अल खैमातल्या एका हॉटेलने आपल्या हॉलसाठी घेतली आहेत. पाहुण्यांना वाचायला एक पुस्तिका निघणार आहे आणि तिचा मजकूर मी लिहायचा आहे. मॅनेजर पुण्याचा आहे, तिशीचा, नम्र आणि सतत घाईत. "मॅम, फक्त दोन पानं. वेन्सडेपर्यंत. जुनं ब्रोशर आहेच, तेच थोडं फ्रेश करा." ते जुनं ब्रोशर मीच लिहिलेलं आहे हे त्याला माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं. "एक छोटा इश्यू आहे," तो पुढे म्हणाला. "लांब भिंतीवर पॅनेलांच्या मधे आठ बारीक पट्ट्या आहेत, वेलीची नक्षी असलेल्या. मूळ फ्रेंच ड्रॉइंगमध्ये त्या दिसत नाहीत. आणि आमच्या हॉलची भिंत एक्झॅक्ट बत्तीस फूट आहे, पट्ट्यांशिवाय पॅनेलं परफेक्ट बसतात. पण तुम्ही लिहिलंय की त्या पॅरिसच्या जुन्या परंपरेतल्या आहेत. तसं असेल तर आम्ही भिंत ॲडजस्ट करू. नसेल तर पट्ट्या साइटवरच्या कचऱ्यात जातील. तेवढं कन्फर्म करा."

बत्तीस फूट. तो आकडा मी त्याला पुन्हा सांगायला लावला. त्याला वाटलं लाइन खराब आहे.

मजकुराचा पहिला भाग सोपा आहे, तो मी झोपेतही लिहू शकते. फ्रान्सच्या राजाचा महाल शहराबाहेर होता. तिथली हांजीहांजी नकोशी झालेली किंवा शहराची चटक लागलेली सरदार घराणी पॅरिसमध्ये अशी घरं बांधायची. रस्त्यावर फक्त उंच भिंत आणि घोडागाडी आत येईल एवढा दरवाजा. आत फरसबंद चौक, त्याच्या एका अंगाला तबेला, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. समोर मुख्य घर आणि त्याच्या मागे बाग. म्हणजे चौकातून येणाऱ्याला घराचं एक तोंड दिसायचं आणि बागेतून बघणाऱ्याला दुसरं. आत खोल्या एकापुढे एक, मधे बोळ नाही. खिडक्यांच्या बाजूची सगळी दारं एका रेषेत, पहिल्या दारात उभं राहिलं की शेवटच्या खोलीचा आरसा दिसतो. डाव्या हाताला दार असेल तर उजव्या हातालाही हवं, म्हणून भिंतीला खोटं दार लावायचं. जुन्या ब्रोशरचा एवढाच भाग मी तुम्हाला आणि मम्मीला वाचून दाखवला तेव्हा मम्मीने विचारलं होतं, "स्वयंपाकघर चौकापलीकडे, मग जेवण गरम कसं राहायचं?" राहत नसे, मी सांगितलं, निवूनच यायचं. "एवढं मोठं घर आणि थंड जेवण," ती म्हणाली आणि भात टाकायला उठली. तुमचं लक्ष खोट्या दारावर होतं. "उघडत नाही ते दार कसलं," तुम्ही म्हणालात. पण चारही तुम्हीच केली होतीत, बिजागऱ्यांसकट.

आणि मालकांचं ते बोलणं तुम्ही घरी येऊन सांगितलं होतं. म्हातारे मालक, जुने अरब व्यापारी, मुंबईच्या बाजारात तरुणपण काढलेले, तुमच्या लाकूडकामाच्या फॅक्टरीत येऊन नकाशावर बोट फिरवत म्हणाले होते, "बाहर दीवार, अंदर सहन. ये तो हमारा ही घर है. फ्रेंच लोग ने कुर्सी लगाया, बस." त्यांच्या बापाच्या घरालाही रस्त्याकडे खिडकी नव्हती, सगळं आतल्या सहनात, म्हणजे अंगणात, उघडायचं. पॅरिसला धंद्यासाठी गेले असताना तसलं एक घर पाहून त्यांना परकं का वाटलं नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. ते मी ब्रोशरमध्ये घातलं नव्हतं. या वेळी घातलं आहे.

त्यानंतरचा इतिहासही ठरलेला आहे. क्रांती झाली, घराणी पळाली किंवा संपली, त्या घरांत सरकारी कचेऱ्या आल्या, वकिलाती आल्या. दिवाणखान्यांची पॅनेलं सुटी करून विकली गेली, समुद्रापलीकडच्या श्रीमंतांच्या भिंतींना लागली, काही संग्रहालयांत पोहोचली. ती मुळातच सुटी करता येतील अशी केलेली असत, मागे क्रमांक घालून. तुमच्या पॅनेलांवरही क्रमांक आहेत, मराठी आकड्यांत, जाड पेन्सिलने. त्यामुळे ती आता रास अल खैमाला निघाली आहेत यात मला फार वाईट वाटत नाही. पॅनेलांचं नशीबच तसं असतं. प्रश्न फक्त आठ पट्ट्यांचा आहे. त्यांच्यावर क्रमांक नाहीत.

अजमानचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. फॅनखालचं ते दुमडायचं टेबल, त्याच्यावर तुमचा डबा, मम्मीची विणकामाची पिशवी, माझी प्रूफं. संध्याकाळचे सहा वाजले आहेत, तुम्ही दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या जॉइनरीच्या फॅक्टरीतून बसने आला आहात, अंगाला लाकडाच्या भुशाचा वास आहे. तुम्ही तिथे फोरमन आहात, हाताखाली चाळीस सुतार आहेत. मालकांच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि घर त्याच्या आत हवंय, म्हणून साइटवर फक्त स्लॅब पडलेला असताना इकडे पॅनेलं करायला घेतली आहेत. भिंतच नाही, तर भिंतीवर टेप लावणार कसा. घराची बाकी सगळी ड्रॉइंग मालकांनी नेमलेल्या सल्लागाराने मीटरमध्ये करून दिली आहेत. दिवाणखान्याच्या पॅनेलांसाठी मात्र एका जुन्या पुस्तकातल्या पानाची झेरॉक्स तेवढी पाठवली आणि तो महिनाभर सुट्टीवर गेला. तुम्ही ती झेरॉक्स टेबलावर पसरता. तळाशी एक आडवी रेघ, तिच्यावर खुणा, खुणांशेजारी एक फ्रेंच शब्द.

"बाय, हे काय लिहिलंय बघ."

मी कॉलेजात एक वर्ष फ्रेंच शिकलेली. ओट्याशी चहा गाळत होते. दुसऱ्या दिवशी मी काम करत होते त्या मासिकाचा अंक छापायला जायचा होता. मान वळवून पाहिलं आणि म्हणाले, "फूट."

"नक्की?"

"नक्की, पप्पा."

"आपलाच फूट ना?"

मला हसू आलं. "फूट म्हणजे फूट. बारा इंच. पॅरिसला गेला म्हणून काय वाढतो?"

तुम्ही हसला नाहीत. "आमच्या मेस्त्रींची काठी सरकारी फुटाहून दोन बोटं लांब होती," तुम्ही म्हणालात. "चर्चची वेदी आम्ही त्या काठीने केली. नंतर दुसऱ्या गावचा सुतार तिला कठडा करायला आला, तो बसेना. म्हणून विचारतो." मम्मी तिकडून म्हणाली, "ती शिकलेली आहे, तिला कळत नसेल का?" तुम्ही कानामागची पेन्सिल काढलीत आणि झेरॉक्सच्या कोपऱ्यात लिहिलंत, १२ इंच. मग चहा घेतलात. चहात साखर कमी होती, तेही म्हणाला नाहीत.

जुना फ्रेंच फूट, राजांच्या काळातला, आपल्या फुटाहून जवळजवळ पाऊण इंच मोठा होता. पाऊण इंच म्हणजे काहीच नाही. पण बत्तीस फुटांच्या भिंतीत त्याचे दोन फूट होतात. साइटवरची भिंत मीटरच्या ड्रॉइंगप्रमाणे उभी राहिली, चौतीस फुटांची, बरोबर. तुमची पॅनेलं गेली बत्तीस फुटांची. लग्नाला पाच आठवडे राहिले होते.

त्या दिवशी काय झालं ते मला तुम्ही सांगितलं नाहीत, तुमच्या हाताखालच्या एका केरळी सुताराने खूप नंतर सांगितलं. सल्लागार परत आला होता, त्याने झेरॉक्स हातात घेऊन समजावून सांगितलं की हा फूट वेगळा, हे कोणालाही ठाऊक असतं. फॅक्टरीच्या मॅनेजरने विचारलं, "माप किसने लिया?" तुम्ही म्हणालात, "मैंने लिया." तो सुतार म्हणाला, एवढंच बोलले, पुढे एक शब्द नाही. ‘लडकी पढी-लिखी है, उसने बताया’ एवढं जरी म्हणाला असतात, तरी फार काही बदललं नसतं, पण तुम्ही म्हणाला नाहीत. मग उंचीत जेवढं कमी पडलं ते तुम्ही खालचा चौथरा वाढवून भरून काढलंत, आणि लांबीसाठी पॅनेलांच्या मधे तीन तीन इंचांच्या आठ पट्ट्या घातल्यात. कोऱ्या पट्ट्या ठिगळासारख्या दिसल्या असत्या, म्हणून त्यांच्यावर वेल कोरलीत. अकरा दिवस साइटवरच राहिलात. फ्रेंच वेल कोरायला नमुना नव्हता, वेळ नव्हता, म्हणून हाताला येत होती ती कोरलीत, वसईला आजोबांच्या वाडीतली पानवेल. खायच्या पानाची. तीच टोकदार पानं, तोच पेराशी वळणारा देठ. वर सोन्याचा वर्ख लागला आणि ती फ्रेंच झाली. मालक एकदा पट्टीवर हात फिरवत म्हणाले होते, "ये पत्ता अच्छा है. किधर का है?" तुम्ही म्हणालात, "गाँव का है, अरबाब." ते हसले आणि पुढे गेले. मला वाटतं त्या घरात खरं बोलणं तेवढंच झालं.

लग्न झालं. पुढच्या महिन्यात तुम्हाला फोरमनवरून काढून पुन्हा सुतारकामाच्या बाकावर बसवलं, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाच्या हाताखाली. तुम्ही म्हणालात, बरं झालं, कागद नको, रंधा बरा. मम्मीने तुमचे फोरमनचे पांढरे शर्ट धुऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवले आणि खालच्या फळीवर जुने खाकी.

मग ब्रोशर आलं. फॅक्टरीला त्या घराचे फोटो दाखवून पुढची कामं मिळवायची होती, आणि आमच्या संपादकांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी ग्रंथालयात बसून त्या घरांवर मिळेल ते वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी एका जाड पुस्तकाच्या तळटीपेत राजाच्या फुटाची लांबी सापडली. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. नंतर पुस्तक जागेवर ठेवून ऑफिसला आले आणि लिहिलं की पॅनेलांच्या मधल्या वेलीच्या पट्ट्या ही पॅरिसच्या जुन्या कारागिरांची खास परंपरा होय. चांगलं वाक्य होतं. संपादकांनी त्याला हातही लावला नाही.

तो शुक्रवार होता, तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. ऊद मेथाच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा संपली होती आणि आपण बाहेर झाडाखालच्या बाकावर बसची वाट बघत होतो. तुम्ही चष्मा लावून ब्रोशर वाचत होतात, बोट ओळीखालून सरकवत. बोट थांबलं.

"हे कोणाला विचारून लिहिलंस?"

"कोणाला नाही."

"कोणाला विचारलं नाहीस आणि छापलंस."

"तुमच्या कामाला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून, पप्पा."

तुम्ही ब्रोशरची घडी घातलीत. "चूक झाली ती झाली, बाय. तिला लग्नातले कपडे नको घालूस." मग माझ्याकडे बघत राहिलात. आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं, अजून रागावणार आहात, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले. बस आली.

वर्षभराने तुम्ही वसईला परत गेलात, आणि त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही विमानाने आलो तेव्हा शेवटच्या मातीलाच पोहोचलो.

गेल्या शनिवारी मी ते घर बघून आले. वॉचमनने मोठा दरवाजा उघडला, चौकातली कारंज्याची टाकी कोरडी होती, तिच्यात एसीच्या जुन्या पेट्या रचलेल्या. आत सगळी दारं एका रेषेत उघडी होती आणि शेवटच्या खोलीचा आरसा काढून नेल्यामुळे तिथे नुसता प्लास्टरचा चौकोन दिसत होता. दिवाणखान्यात कामगारांनी पॅनेलांवर खडूने क्रमांक घातले होते. पट्ट्यांवर प्रश्नचिन्हं होती. मी टेप नेली होती. तीन इंच, तीन इंच, तीन इंच. आठव्या पट्टीची पानं पहिलीपेक्षा जरा मोठी आहेत, हात दमला असावा किंवा सरावला असावा. वॉचमन मागे उभा होता. म्हणाला, "मेस्त्री इधर जमीन पे सोता था, मॅडम. हम बोला घर जाओ. बोला, अभी पत्ता बाकी है."

घरी आल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. सोळा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं तसंच चालतं. मी म्हटलं, खोटं तसंच ठेवलं तर पट्ट्या भिंतीवर राहतील, खरं लिहिलं तर कचऱ्यात जातील. ती म्हणाली, "सो सेव्ह देम, मम्मा. हू रीड्स अ होटेल ब्रोशर?" मग विचारलं, "बट डिड ही नो? दॅट इट वॉज यू?" मी म्हटलं, सल्लागाराने सगळ्यांसमोर सांगितलं म्हणजे त्याच दिवशी कळलं असणार. "अँड द डे ऑन द बेंच, ही ऑलरेडी न्यू?" हो, म्हटलं. ती तिच्या खोलीकडे वळताना म्हणाली, "देन ही वॉजन्ट अँग्री. ही वॉज वेटिंग."

वीस वर्षं मी दुसऱ्यांचा मजकूर तपासते आहे. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, दुसरा दुजोरा कोणाचा. तुम्ही त्या बाकावर माझ्याकडे का बघत होतात, एवढं मात्र मी कधी तपासलं नाही.

मंगळवारी दुपारी मजकूर पाठवला, मुदतीच्या एक दिवस आधी. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की या पट्ट्या पॅरिसच्या परंपरेतल्या नाहीत. मापातली चूक भरून काढण्यासाठी वसईच्या एका सुताराने त्या कोरल्या, त्यांच्यावरची वेल त्याच्या गावची आहे, आणि चूक त्याची नव्हती, त्याला माप सांगणाऱ्या त्याच्या मुलीची होती, जी हे लिहीत आहे. तासाभरात मॅनेजरचा व्हॉइस मेसेज आला. "मॅम, खूप टचिंग आहे, खरंच. पण लास्ट पॅरा क्लायंटला नको वाटतोय, तो काढतो. आणि परंपरा नाही म्हणजे मग पट्ट्या नकोत, खलास. थँक यू फॉर कन्फर्मिंग." म्हणजे इतक्या वर्षांनी खरं लिहिलं ते छापून येणार नाही, आणि त्यातून एवढंच झालं की तुमच्या पट्ट्या भिंतीवरून उतरल्या. रागावण्याइतकं त्राण नव्हतं. मी त्याला फोन लावला आणि पट्ट्या मला द्या म्हटलं. "शुअर, मॅम. गेट पास करतो. इन्शाल्ला काही प्रॉब्लेम नाही."

पट्ट्या अकरा फुटांच्या आहेत आणि आमच्या फ्लॅटचं छत नऊ फुटांवर आहे. उभ्या राहणार नाहीत. कापायच्या नाहीत. पॅसेज मी काल टेपने मोजला, आज परत मोजला, लेकीलाही एकदा मोजायला लावला. अकरा फूट चार इंच. आडव्या बसतील, चार एका भिंतीला, चार दुसऱ्या.

हे पत्र पुस्तिकेच्याच फोल्डरमध्ये राहील, त्याला कुठे जायचं नाही. आजवर ज्याने ज्याने विचारलं त्याला मी सांगत आले की ब्रोशरमधलं ते वाक्य मी तुमची लाज झाकायला लिहिलं. तुम्हाला सांगायला हरकत नाही, माझी झाकायला लिहिलं. आणि तुम्ही विचारलं होतं, आपलाच फूट ना. नव्हता, पप्पा. मी बघितलंच नव्हतं.

गुरुवारी सातला सुरुवात होईल. वॉचमनच्या अंदाजाने दुपारच्या नमाजाच्या आत पट्ट्या खाली येतील, आणि तीनच्या सुमारास पिकअप आमच्या दाराशी लागेल.